न विचारता केलेली सही

ता. ४ सप्टेंबर
कारखान्यातली वरची खोली

चि. लेकास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. मी म्हटलं, ग्रीस भरून देतो. त्यावर म्हणाली, आधी स्वतःच्या डोक्यात भरा. म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज.

तुझं चार पानी पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून आधी दचकलोच. फोनवर तुझी गाडी 'हो, बरं, ठेवतो' याच्या पुढे जात नाही. पण बायको शेजारच्या खोलीत असताना बापाकडे तिचं गाऱ्हाणं सांगायचं म्हटलं, की माणसाला पत्रलेखन आठवतं. हरकत नाही. मीही कागदावरच उत्तर देतो. फोनवर तू मध्येच तोडतोस, कागद तोडत नाही.

मला कळलं ते असं, चुकत असेन तर सांग. आठ वर्षं दुसऱ्याच्या थंड गाड्या दुरुस्त केल्यास, आता स्वतःची एक घ्यायची आहे. दूध, औषधं, फुलं, जे नासतं ते थंड ठेवून पोचवायचं. कल्पना चांगली आहे. बँकही तयार आहे, पण एक अट आहे. नुसत्या तुझ्या पगारावर एवढं कर्ज देत नाहीत, सूनबाईने सहकर्जदार म्हणून सही करायची. तिची इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवरची नोकरी पक्की आणि तिची बँकेतली नोंद स्वच्छ. मंजुरी महिनाअखेरपर्यंत. आणि इथेच घोडं पेंड खातंय, कारण सूनबाई म्हणाली, सगळे कागद दे, वाचते. शिवाय तुझा क्रेडिट रिपोर्ट काढून दाखव. तुझा पारा चढला. घरात आठ दिवस अबोला. आता मी तिला समजवावं असं तुझं म्हणणं, कारण ती माझं ऐकते.

दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'आईने कधी तुमच्याकडे कागद मागितला होता का? तिने डोळे मिटून सही केली, म्हणून आज तुम्ही अकरा माणसांचे मालक आहात.'

हे वाचलं आणि पान उलटलं.

कारखान्यातली बातमी सांगतो. काल एका डेअरीची पंपाची मोटार आली. आमच्या सर्वांत जुन्या कारागिराने बघताक्षणी कॉइल जळली म्हणून सांगितलं आणि उघडायला घेतली. मी जिन्यातूनच ओरडलो, अरे थांब, आधी एकदा फिरव. फिरवली. घरघर ऐकून मी तिथूनच म्हटलं, मागचं बेअरिंग. उघडली तर कॉइल ठणठणीत, बेअरिंगच गेलेलं. तो म्हणाला, मालक, वरून कसं कळलं? म्हटलं, बाबा, या कानांनीच मला खायला घातलंय. शाळेने नाही.

तुझ्या पत्रातही मला एक आवाज आला. पान एक, दोन आणि चार, तिन्हीवर तू लिहिलंयस, 'माझं जुनं काहीही नाही.' ज्याचं खरंच काही नसतं तो एकदाच सांगतो.

तरी तिच्याशी बोलतो. शब्द दिला.

तुझा बाबा


ता. ११ सप्टेंबर

चि. लेकास,

आशीर्वाद. आईने सांगितलंय की वेळेवर जेवत जा. ती मला समोर बसवून सांगते आणि मी तुला लांबून सांगतो. जेवत दोघंही नाहीत.

सूनबाईला फोन केला. दुपारी दीड वाजता, तिची जेवणाची सुट्टी गाठून. मी 'काय म्हणतेस पोरी' म्हणतो न म्हणतो तोच ती म्हणाली, "बाबा, त्याने सांगितलं ना फोन करायला?"

"का? सासऱ्याला सहज आठवण येऊ नये?"

"येऊ दे की. पण दीड वाजता तुमचं जेवण असतं. तुम्ही ताट सोडून फोन केलात, म्हणजे आठवण बरीच महत्त्वाची दिसते."

मी हसलो. ही मुलगी आमच्याकडे कामाला असती तर मी हिला मोटारी ऐकायला बसवलं असतं.

मग मी सुरू केलं. संसार म्हणजे दोन चाकं, एकमेकांवर विश्वास, वगैरे. लग्नाकार्यात उभं राहून बोलतात ते सगळं. तिने बिचारीने मध्ये तोडलं नाही. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "सही करणार नाही असं मी म्हटलेलंच नाही, बाबा. वाचल्याशिवाय करणार नाही असं म्हटलंय. माझ्या खिडकीवर रोज दोनशे माणसं येतात. डॉक्टरांची चिठ्ठी मी दोनदा वाचते. म्हणजे काय माझा डॉक्टरांवर विश्वास नाही?"

"पण हा डॉक्टर नाही, नवरा आहे."

"म्हणून तीनदा वाचायला हवं. चुकीची गोळी दिली तर रोगी परत येऊन भांडतो तरी."

आता तू म्हणशील, जीभ बघा हिची. पण पुढे तिने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण कारखाना चालवून केस पांढरे झाले तरी मला ते एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "लग्न झालं म्हणून त्याचं आधीचं कर्ज माझं होत नाही आणि माझी चांगली नोंद त्याची होत नाही. घरात आम्ही नवरा-बायको, पण बँकेत त्याचं पान वेगळं, माझं वेगळं. मी सही केली की ते कर्ज माझ्या पानावर येणार. आणि अर्धं नाही, सगळं. बँक वाटणी करत बसत नाही. त्याने दोन हप्ते चुकवले की डाग दोन्ही पानांवर. उद्या मला घरासाठी कर्ज हवं झालं तर ते माझं पान उघडतील, त्याचं थोडंच उघडणार आहेत? मी जोखीम घ्यायला तयार आहे, बाबा. पण कशाची घेतेय ते मला माहीत नको?"

मी म्हटलं, "हं."

मग तिने विचारलं, "आईंनी तुमच्यासाठी सही केली होती ना? तो नेहमी सांगतो. पुढे काय झालं? सगळं नीट फिटलं?"

मी म्हटलं, "हो, फिटलं की."

तिचेही कान चांगले आहेत. मग म्हणाली, "बरं, बाबा. जेवून घ्या."

मी जेवलो नाही. भात निवला तो निवलाच.

तुझ्या कामाचं मी काय केलं विचारशील, तर काही नाही. गेलो होतो तिला समजवायला, परत आलो तिच्याशी खोटं बोलून. आणि मला एक सांग. तिने मागितला तो रिपोर्ट म्हणजे एक कागद आहे. बँकेकडे मागितला की मिळतो. आठ दिवस अबोला धरण्यापेक्षा तो काढून टेबलावर ठेवणं सोपं होतं. तू अबोला धरलास. पाणी कुठेतरी मुरतंय, लेका.

मला आधी तुझ्या आईशी बोलायचंय. मग लिहितो.

तुझा बाबा


ता. १६ सप्टेंबर, रविवार, दुपार

चि. लेकास,

आशीर्वाद. तुझं रागाचं पत्र परवा मिळालं. 'तुम्हीही तिच्याच बाजूचे' हे वाक्य खाली दोन रेघा मारून लिहिलंयस. कागद फाटलाय तिथे. असू दे. पण त्यात तू एक गोष्ट कबूल केलीस, तेवढ्याने मला बरं वाटलं. लग्नाआधीच्या मोटारसायकलचे 'एक-दोन' हप्ते चुकले आणि कार्डावर 'थोडं' शिल्लक आहे. एक-दोन म्हणजे किती आणि थोडं म्हणजे किती ते तू लिहिलं नाहीस, मी विचारत नाही. ते विचारायचा हक्क दुसऱ्या माणसाचा आहे.

पुढे तू लिहितोस, 'बाबा, तुम्हीच सांगता ना, शून्यातून उभा राहिलो?'

सांगतो खरा. उद्घाटनांना सांगतो, गिऱ्हाइकांना सांगतो, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सांगतो. आज तुला वेगळं सांगणार आहे. शाई नीट चालतेय तोवर लिहून टाकतो.

तू नऊ वर्षांचा होतास. माझं तेव्हा एका गाळ्यात काम चाले, दोन माणसं आणि मी. बिस्किटांच्या एका कारखान्याने त्यांच्या सगळ्या मोटारींचं काम मला देऊ केलं. त्यासाठी मोटारीची तार गुंडाळायचं यंत्र हवं होतं, त्यासाठी कर्ज. बँक म्हणाली, पक्क्या पगाराचा जामीनदार आणा. पक्का पगार आपल्या घरात एकीलाच होता. तुझी आई दातांच्या लॅबमध्ये. कवळ्या, दाढांवरच्या टोप्या, एकेक दात मेणात कोरून काढणारी.

आपल्या घरची एक पद्धत तुला आठवत असेल. मोटार उघडण्याआधी दोन्ही भागांवर आम्ही पेन्सिलीने फुली मारतो, जोडताना चुकू नये म्हणून. तीच सवय घरातल्या कागदांना लागली. तुझा शाळेचा अर्ज, विम्याचा फॉर्म, वीजजोडणी, काहीही असो, वाचायचं मी, फुली मारायची मी, आणि जिथे फुली तिथे तुझी आई सही करायची. तिचे हात कायम प्लास्टरने भरलेले. आम्हाला दोघांनाही यात गैर काही वाटत नसे. उलट मला अभिमानच होता, की बघा, किती विश्वास.

तर त्या संध्याकाळी ती घरी आणलेलं काम करत बसली होती. समोर एका म्हाताऱ्याची अख्खी खालची कवळी. मी तीन फुल्या मारून कागद तिच्यासमोर ठेवला. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'काही नाही गं, नुसती साक्षीदाराची सही आहे.' रस्ताभर घोकत आलो होतो. कारण जामीनदार म्हटलं असतं तर ती दोन प्रश्न विचारणार, आणि 'नाही फिटलं तर?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिने बोटं पुसली. माझ्याकडे एकदा बघितलं. काही विचारलं नाही. तीन सह्या केल्या आणि पुन्हा कवळी हातात घेतली. माझं वाक्य तोंडातच राहिलं आणि मला काय हायसं वाटलं म्हणून सांगू.

चौदा महिन्यांनी बिस्किटांचा कारखाना बंद पडला. माझी बिलं बुडाली. मी काय केलं? हात वर केले. बँकेच्या गल्लीतून जाणं बंद केलं, फोन उचलणं बंद केलं. मग बँकेने माझा नाद सोडला आणि तिला फोन केला, लॅबमध्ये, सगळ्यांसमोर. ती घरी आली, पाय धुतले, चहा टाकला आणि म्हणाली, "दर सात तारखेला हप्ता माझ्या पगारातून जाईल. तेवढं धरून घरखर्च बसवू." आदळआपट नाही, रडणं नाही. मी दोन दिवस वाट बघत होतो भांडणाची. ते आलंच नाही. भांडली असती तर निदान मी उलट बोलून मोकळा झालो असतो.

साडेसहा वर्षं हप्ते गेले. त्या वर्षांतली आई तुला चिक्कू म्हणून आठवते. सहावीत शाळेच्या सहलीला तिने नाही म्हटलं आणि मी हळूच तुझ्या खिशात पैसे कोंबले, तू मला मिठी मारलीस. ते पैसे तिच्याच डब्यातले होते, लेका. तिने किराण्यासाठी बाजूला काढलेले. तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तुला सांगितलं तिने? आजवर?

अजून एक आहे. ते लिहायला सकाळपासून टाळतोय.

हप्त्यांच्या तिसऱ्या वर्षी तिने आणि लॅबमधल्या तिच्या एका मैत्रिणीने स्वतःची लॅब काढायचं ठरवलं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती. उत्तरेला मोठी खिडकी असलेली, कारण दाताचा रंग जुळवायला उन्हाची तिरीप चालत नाही, सारखा शांत उजेड लागतो. दोघींनी आपापल्या वाट्याचं कर्ज मागितलं. मैत्रिणीचं झालं. तुझ्या आईला बँकेतला साहेब म्हणाला, "तुमच्या नोंदीत थकलेलं कर्ज आहे." ती म्हणाली, "ते माझं नाही." तो म्हणाला, "सही तुमची आहे, बाई."

मैत्रिणीने लॅब एकटीने काढली. तुझी आई तिच्याकडे पगारावर राहिली, आजतागायत. तुझ्या लग्नाच्या आठवड्यात जेवताना तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, 'आमच्या आईत धाडस नाही, जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली.' मी ऐकलं. मी मूग गिळून बसलो. ती म्हणाली, "मीठ दे रे इकडे."

असा मी शून्यातून उभा राहिलो.

आज सकाळी ती पडद्याला दुमड घालत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. म्हटलं, "अगं, ती सही साक्षीदाराची आहे असं मी तुला सांगणार होतो."

मान वर न करता म्हणाली, "जामीनदाराची. ठाऊक आहे."

"ते नंतर कळलं तुला. बँकेचा फोन आला तेव्हा."

"सही करताना कळलं. ठळक अक्षरात तीन ठिकाणी लिहिलं होतं, तुमच्या फुलीच्या शेजारीच. अहो, मी दात बनवते, आंधळी नाही."

मी आणखी जवळ सरकलो.

"मग विचारलं का नाहीस?"

तिने सुई पडद्यात खोचून ठेवली. "तुमचा चेहरा बघितला. उत्तर तयार करून आणलेलं दिसत होतं. विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात. आणि मग मला खोटं बोलणाऱ्या माणसासाठी सही करावी लागली असती. नाही विचारलं, म्हणून निदान माझ्या माणसासाठी केली."

लेका, मी हयातभर मोटारी ऐकतोय. शेजारच्या गाळ्यातल्या यंत्राचा बिघाड मला भिंतीपलीकडून कळतो. आणि एकोणीस वर्षं एका घरात राहून मला हे ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, "आणि लॅबचं?"

'झालं गेलं' असं म्हणेल असं वाटलं होतं, ते नाही म्हणाली. म्हणाली, "ते लागलं. अजून लागतं. त्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. कधीतरी त्या बाजूला गेले की उगीच एखादा कागद झेरॉक्स करून घेते. उजेड अजून तसाच येतो."

आपल्या घरात कपाटाच्या खणात एकाच रेशनकार्डाच्या नऊ प्रती का आहेत, हे मला आज कळलं.

आता तुझं. मला तुझ्या आईचं कौतुक किती वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण म्हणून तिच्यासारखं वागायला सूनबाईला सांगू नकोस. बायकोने एवढं मोठं व्हावं लागलं, याचा अर्थ नवरा तेवढाच लहान झालेला असतो. आणि सूनबाई विचारते म्हणून तुझा अपमान होतो असं तुला वाटतंय ना? उलटं आहे रे. तुझ्या आईने विचारलं नाही, कारण मी खोटं बोलणार हे तिला माहीत होतं. सूनबाई विचारतेय, कारण तिला अजून वाटतं की तू खरं सांगशील. ती ज्या दिवशी विचारायची थांबेल, त्या दिवशी घाबर.

'मीच जामीन राहतो' असं लिहायला माझा हात शिवशिवतोय. कारखाना आहे, पत आहे, बँक धावत येईल. पण नाही लिहिणार. तसं केलं तर गाडी दारात येईल आणि तो रिपोर्ट काढायचा राहूनच जाईल. तू म्हणशील, बापाने ऐन वेळी पाठ फिरवली. म्हण.

रिपोर्ट काढ. सगळी पानं काढ. तिने पुन्हा मागायच्या आधी तिच्यापुढे ठेव, आणि ती वाचत असताना खोलीतून उठून जाऊ नकोस. गाडी गेली तर जाऊ दे. गाड्या पुष्कळ आहेत.

तुझ्या आईच्या पगारावर उभा राहिलेला,
तुझा बाबा


ता. ३ ऑक्टोबर

चि. सौ. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं. सासऱ्याला सुनेचं पत्र येणं ही आमच्या घरात पहिलीच वेळ, त्यामुळे पोस्टमनकडून ते हिसकावून घ्यायला दोघं धावलो. गुडघेवाली जिंकली.

त्याने तुला सगळी पानं दाखवली हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. चुकलेले हप्ते 'एक-दोन' नव्हते, पाच होते, आणि कार्डावरचं 'थोडं' बरंच निघालं. तू दोन दिवस माहेरी गेलीस, बोलली नाहीस. बरोबर केलंस. परत आलीस, हे त्याचं नशीब. तिकडे मंजुरीची तारीख उलटली आणि ती गाडी दुसऱ्याने नेली. तू त्याला म्हणालीस, 'हे जुनं तुझं आहे, त्यातला एकही हप्ता मी भरणार नाही. पण दर महिन्याला भरलास का, ते विचारीन.' आणि सगळं फिटल्यावर पुन्हा अर्ज करू, तेव्हा वाचून सही करीन, असंही म्हणालीस. त्याने मला कळवलं, 'बाबा, ती माझ्याशी गिऱ्हाइकासारखं वागते.' मी उत्तर पाठवलंय, की गाढवा, असं भागीदाराशी वागतात.

तू विचारतेस, 'मी त्याच्या आड आले असं सगळे म्हणतील. माझं चुकलं का?' पोरी, हे मला विचारू नकोस. माझे कान चांगले आहेत, पण त्याच्या बाबतीत ते एका बाजूला कललेले आहेत. तुला ऐकू येतंय ते खरं धर. मला एवढंच माहीत आहे, की आमच्या घरात जे काम एकोणीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते तू तीन आठवड्यांत केलंस, आणि सही न करता.

एक बाकी राहिलंय. त्या दिवशी फोनवर तू मला सरळ विचारलंस, सगळं नीट फिटलं का, आणि मी 'फिटलं की' म्हणालो. नीट फिटलं नव्हतं. तुझ्या सासूबाईंच्या पगारातून फिटलं आणि त्यात त्यांची लॅब गेली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि मी लपवलं. मी तुझ्याशी खोटं बोललो. माफ कर. पुढच्या वेळी विचारशील तेव्हा असं होणार नाही.

हे पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात तुझ्या सासूबाईंनी हात पुढे केला. म्हटलं, तुझ्याबद्दलच आहे, वाचून काय करणार? तरी घेतलं. खिडकीशी खुर्ची ओढून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, मध्ये दोनदा मागे जाऊन. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून मला म्हणाली, "हे सगळं खरं आहे ना हो?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या कुठल्याही कागदाबद्दल तिने हे पहिल्यांदा विचारलं.

मी म्हटलं, "हो."

तुझे,
बाबा